खेळातले गाव

खेळ म्हटला की खेळगडी आले, आणि खेळगडी म्हटले की त्यांची ओळख आली. हुतूतू असो, आट्यापाट्या असोत वा विटीदांडू असो, गल्लीतल्या खेळात कोण चपळ, कोण भित्रा, कोण रडीचा डाव खेळणारा आणि कोण आपला डाव संपला की घरी पळणारा, हे सर्वांस ठाऊक असते. ह्या माहितीची वही कोणी ठेवीत नाही. परंतु गडी निवडण्याची वेळ आली म्हणजे ती नेमकी आठवते. रडीचा डाव खेळणारा मुलगा मग सर्वांच्या शेवटी निवडला जातो, आणि दोनचार दिवसांत एकतर तो सुधारतो, नाहीतर दुसरी गल्ली जवळ करतो. मैदानावरचे हे साधे शास्त्र संगणकाच्या जाळ्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांना लागू पडते काय, आणि खेळगड्यांची संख्या शेकड्यांवरून लाखांवर गेली म्हणजे त्या शास्त्राचे काय होते, हा प्रश्न आता केवळ कल्पनेचा राहिलेला नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ह्या खेळाच्या इतिहासात त्याचे उत्तर बऱ्याच अंशी पाहावयास सापडते.

हा खेळ अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, आयर्व्हाइन येथे असलेल्या ब्लिझार्ड एंटरटेनमेंट ह्या कंपनीने २३ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसिद्ध केला. अनेकांनी मिळून एकाच काल्पनिक जगात वावरण्याची कल्पना त्यापूर्वीचीच होती. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल ह्या विद्यार्थ्यांनी १९७८ मध्ये 'मड' नावाचा खेळ रचला, तेव्हा पडद्यावर चित्र मुळीच नसे. सारे जग शब्दांनी वर्णिलेले असे. पुढे १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' आणि १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' हे चित्रमय खेळ आले. पण लोकप्रियतेत वॉरक्राफ्टने सर्वांना मागे टाकले. २०१० च्या अखेरीस त्याचे वर्गणीदार सव्वा कोटीच्या घरात पोहोचले होते. अझेरोथ नावाचे त्याचे जग आहे. त्यात अरण्ये, पर्वत, बंदरे, राजधान्या आहेत, आणि 'अलायन्स' व 'होर्ड' असे दोन परस्परविरोधी पक्ष आहेत. खेळाडूने एका पक्षाचे पात्र घ्यावे, त्याला नाव द्यावे आणि त्या जगात उतरावे.

येथे एक अडचण होती. लाखो माणसांना एकाच जगात सोडणे त्या काळच्या यंत्रांना झेपणारे नव्हते. आणि झेपले असते तरी एका चौकात लाख माणसे उभी राहिली असती तर कोणाला पाऊल टाकता आले नसते. ह्यावर उपाय म्हणून कंपनीने त्याच जगाच्या अनेक प्रती केल्या आणि प्रत्येक प्रत स्वतंत्र सर्व्हरवर चालविली. ह्या प्रतीला खेळाडू 'रेल्म' म्हणत. एका रेल्मात एका वेळी काही हजार माणसे वावरू शकत. सर्व रेल्मांतील डोंगर, नद्या, राक्षस तेच. माणसे मात्र निराळी. एका रेल्मातल्या माणसाला दुसऱ्या रेल्मातला माणूस दिसत नसे, त्याच्याशी बोलता येत नसे. थोडक्यात, यंत्राच्या मर्यादेमुळे नकळत गावे वसली. कोणी समाजशास्त्रज्ञाने विचारपूर्वक वसविली असती, तर ती इतकी चांगली वसली असती की नाही, ह्याची शंकाच आहे.

ह्या गावाचे काही नियम होते. एका रेल्मात एक नाव एकालाच मिळे. आरंभीच्या काळात आपल्या मर्जीने नाव बदलता येत नसे आणि आपल्या मर्जीने गाव सोडून जाताही येत नसे. पैसे भरून रेल्म बदलण्याची सोय २००६ साली झाली, आणि पैसे भरून नाव बदलण्याची सोय २००७ साली. तोपर्यंत पात्र वाढवायला जे कित्येक महिने घातलेले असत, ते सारे त्या एका नावाशी आणि त्या एका गावाशी बांधलेले असत. नाव खराब झाले तर दुसरे पात्र घेऊन पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागे.

आता ह्या गावातील व्यवहार कसा चाले ते पाहू. खेळातील काही कामे एकट्यादुकट्याने होण्यासारखी नसत. भुयारे, किल्ले, तळघरे अशी ठिकाणे असत. त्यांना खेळाडू 'डंजन' म्हणतात. तेथे पाच जणांनी मिळून जावे लागे. पाचांपैकी एकाने ढालीसारखे पुढे उभे राहून शत्रूचे घाव झेलावयाचे, एकाने सर्वांच्या जखमा भराव्यात आणि तिघांनी प्रहार करावेत, अशी कामाची वाटणी असे. ढाल होणारा आणि जखमा भरणारा ह्यांची कामे अधिक जबाबदारीची. त्यांची चूक म्हणजे पाचांचा मृत्यू. म्हणून असे गडी नेहमीच कमी मिळत. राजधानीच्या चौकात उभे राहून साद घालावी, कोणी होकार दिला तर त्याला जोडून घ्यावे, चौथा मिळेपर्यंत पहिला कंटाळून निघून जावा, पुन्हा साद घालावी, असा प्रकार चाले. पाच जण जमायला कधी तास लागे. त्यानंतर भुयारापर्यंत प्रवास. वाटेत विरुद्ध पक्षाच्या टोळीने गाठले तर आणखी वेळ. हा सारा वेळ व्यर्थ जात असे, अशी खेळाडूंची रास्त तक्रार होती. पण ह्याच वेळात गप्पा होत. कोण कोणत्या देशातला, कोणाची परीक्षा जवळ आली आहे, कोणाला आई जेवायला हाका मारते आहे, हे सारे वाटेवरच कळे.

खरी कसोटी भुयारात लागे. तेथील मुख्य शत्रू मेला म्हणजे त्याच्याजवळून एखादी मौल्यवान वस्तू मिळे. वस्तू एक आणि माणसे पाच. अशा वेळी प्रत्येकापुढे पर्याय येत. त्यांपैकी एकाचा अर्थ 'मला गरज आहे' आणि दुसऱ्याचा अर्थ 'मिळाली तर हवी' असा असे. खेळ करणाऱ्यांनी ह्या दुसऱ्या पर्यायाला सरळ 'हाव' असेच नाव दिले होते. ज्यांना गरज असेल त्यांच्यात चिठ्ठी पडे. आता आपल्याला उपयोग नसताना 'गरज' म्हणणाऱ्याला अडविणारा कोणताही नियम यंत्रात नव्हता. तलवार चालविता न येणारा मांत्रिक तलवार घेऊन, ती बाजारात विकून मोकळा होऊ शके. अशा माणसाला खेळाडूंनी 'निंजा' ही पदवी दिली होती.

यंत्र अडवीत नसे. पण गाव अडवीत असे. लूट पळविणाऱ्याचे नाव त्या रात्रीच चौकात पुकारले जाई. खेळाडूंची जी कायमची मंडळे असत, ज्यांना 'गिल्ड' म्हणतात, त्यांच्या प्रमुखाकडे तक्रार जाई. आणि आपल्या मंडळाचे नाव जपणारा प्रमुख त्या माणसाला वस्तू परत करावयास लावी, नाहीतर मंडळातून काढून टाकी. एकदा काढलेल्या माणसाला दुसरे चांगले मंडळ सहसा घेत नसे. उलट, चार वेळा हरूनही न चिडणारी, नवख्याला समजावून सांगणारी एखादी जखमा भरणारी खेळाडू असली, तर तिचे नाव दहा जण आपल्या यादीत लिहून ठेवीत, आणि ती खेळात आली की तिला बोलावणी येत. दोन्ही पक्षांना एकमेकांची भाषा कळू नये अशी खेळातच योजना होती. विरुद्ध पक्षाने काही लिहिले तर अगम्य अक्षरे दिसत. तरीही शत्रुपक्षातील कोणता योद्धा एकट्याला गाठून मारतो आणि कोणता जखमी माणसाला सोडून देतो, हे नावानिशी ठाऊक असे. एक शब्दही न बोलता शत्रूची ओळख व्हावी, ही ह्या खेळातील मोठी मौजेची गोष्ट होय.

ह्या गावांच्या वेशी हळूहळू उघडू लागल्या. पक्षापक्षांच्या लढायांसाठी २००५ साली ठरावीक रणांगणे केली होती. पुष्कळ रेल्मांत एका पक्षाचे लोक फार आणि दुसऱ्याचे थोडे असत. त्यामुळे मोठ्या पक्षाच्या लोकांना लढाईसाठी ताटकळत बसावे लागे. म्हणून ऑगस्ट २००६ मध्ये निरनिराळ्या रेल्मांतील खेळाडूंना एकाच रणांगणावर आणण्याची व्यवस्था झाली. ह्याला 'क्रॉस-सर्व्हर' सोय म्हणतात. प्रतीक्षा कमी झाली. त्याबरोबर समोरचा शत्रूही अनोळखी झाला. पण खरा बदल झाला तो ८ डिसेंबर २००९ रोजी. त्या दिवशी 'डंजन फाइंडर' नावाची सोय खेळात आली. खेळाडूने एक बटण दाबावयाचे आणि आपण कोणते काम करणार तेवढे सांगावयाचे. अनेक रेल्मांतून यंत्र पाच जण निवडी, त्यांना एका क्षणात भुयारात नेऊन सोडी, आणि काम झाले की जो तो आपापल्या गावी परत जाई. साद घालणे नको, प्रवास नको, ओळखही नको. नोव्हेंबर २०११ मध्ये पंचवीस जणांच्या मोठ्या मोहिमांसाठीही असेच बटण आले. २०१२ मध्ये ओस पडलेल्या प्रदेशांत अनेक रेल्मांतील माणसे एकत्र दिसू लागली, आणि २०१३ मध्ये कमी वस्तीचे रेल्म एकमेकांना कायमचे जोडण्यास प्रारंभ झाला.

ह्या सोयींना आज नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे विसरू नये की, ओस पडलेल्या रेल्मात राहणाऱ्या माणसाला त्यापूर्वी कित्येक दिवस एकही भुयार पाहावयास मिळत नसे. दिवसभर काम करून रात्री अर्धा तास खेळणाऱ्या माणसाला चौकात तासभर साद घालणे परवडणारे नव्हते. ज्याला कोणतेच मंडळ घेत नव्हते अशा बुजऱ्या, नवख्या खेळाडूला ह्या बटणाने प्रथमच दार उघडे करून दिले. गाव जसे चांगल्याची आठवण ठेवते तसे ते परक्याला वेशीबाहेरही ठेवते, आणि एकदा चुकलेल्याला लवकर क्षमा करीत नाही. मंडळाच्या प्रमुखाशी भांडण झाल्यामुळे निरपराध माणसाचे नाव खराब झाल्याचे प्रकारही घडत. तेव्हा जुन्या व्यवस्थेत सारे गोडच होते असे मानण्याचे कारण नाही.

परंतु सोयीबरोबर जे गेले तेही लहान नव्हते. आता भुयारात भेटलेला माणूस पुन्हा कधी भेटेल असा संभव उरला नाही. त्याच्या नावापुढे परगावचे नाव लिहिलेले असे. त्याची कीर्ती कळावयास मार्ग नव्हता आणि त्याची तक्रार करावयास कोणी प्रमुख नव्हता. आरंभी तर आवडलेल्या परगावच्या सोबत्याचे नाव आपल्या मित्रयादीत लिहिण्याचीही सोय नव्हती. पाच जण एक शब्द न बोलता भुयारात शिरत आणि एक शब्द न बोलता बाहेर पडत. कोणी चुकला तर त्याला शिकविण्याऐवजी मताने काढून टाकणे सोपे झाले. कारण यंत्र क्षणभरात दुसरा माणूस आणून देई. पहिल्याच चुकीला दोन शिव्या देऊन निघून जाणाराही नवलाचा राहिला नाही. मुंबईच्या लोकल गाडीत रोज ठरलेल्या डब्यात भेटणारी मंडळी एकमेकांसाठी जागा धरतात, सणाला खाऊ वाटतात. तीच माणसे यात्रेच्या खास गाडीत अनोळखी गर्दीत सापडली की खिडकीसाठी हमरीतुमरीवर येतात. माणसे तीच, बदलते ती उद्या पुन्हा भेटण्याची शक्यता.

ह्याचा एक परिणाम कंपनीच्याही ध्यानात आला. ढाल होणाऱ्या गड्यांची टंचाई बटणाने दूर झाली नाही. अनोळखी माणसांचे बोल ऐकून घेत जबाबदारी पत्करण्यास फारसे कोणी तयार नसे. त्यामुळे प्रहार करणाऱ्यांची रांग लांबच लांब राही. शेवटी एप्रिल २०११ मध्ये कंपनीने, ज्या कामाचा गडी कमी असेल ते काम करणाऱ्यास जादा बक्षिसांची थैली देण्यास सुरुवात केली. ओळखीच्या चौघांच्या आग्रहाखातर पूर्वी जे होत असे, त्यासाठी आता मोबदला ठेवावा लागला.

पुन्हा भेट होण्याचा आणि सद्वर्तनाचा हा संबंध शास्त्रज्ञांनी निराळ्या रीतीने तपासला आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट ॲक्सेलरॉड ह्यांनी १९८० च्या सुमारास संगणकावर एक स्पर्धा घेतली. दोघांनी एकमेकांशी सहकार्य करावे किंवा दगा द्यावा, असा तो डाव होता. एकदाच खेळला तर दगा देणारा फायद्यात राही, परंतु येथे तीच जोडी पुनःपुन्हा खेळणार होती. पहिल्या स्पर्धेत १४ आणि दुसरीत ६२ युक्त्या तज्ज्ञांनी पाठविल्या. दोन्ही वेळा जिंकली ती सर्वांत साधी युक्ती. ती अनातोल रॅपोपोर्ट ह्यांनी पाठविली होती. प्रथम सहकार्य करावयाचे, आणि पुढे समोरच्याने मागील खेपेस जे केले तेच आपण करावयाचे, एवढीच ती युक्ती. मात्र तिला दोन गोष्टी आवश्यक आहेत. समोरचा कोण हे ओळखता आले पाहिजे, आणि तो पुन्हा भेटणार असला पाहिजे. वॉरक्राफ्टच्या रेल्मात ह्या दोन्ही गोष्टी होत्या. बटणाने दोन्ही काढून घेतल्या.

तर मग दोष निनावीपणाचा म्हणावयाचा काय? ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने गायजीसच्या अंगठीची कथा सांगितली आहे. ती अंगठी फिरविली की मनुष्य अदृश्य होई. आणि अदृश्य होताच त्या साध्या मेंढपाळाने राजाला मारून राज्य बळकाविले. ही कथा वाचली म्हणजे प्रत्येकाचे खरे नाव उघड करावे, की सारे सुतासारखे सरळ होतील, असे सहज वाटते. ब्लिझार्ड कंपनीलाही तसे वाटले. आपल्या चर्चापीठावर यापुढे प्रत्येकाने खऱ्या नावाने लिहावे, असे तिने ६ जुलै २०१० रोजी जाहीर केले. खेळाडूंमध्ये एकच हलकल्लोळ उडाला. कंपनीच्याच एका सेवकाने विश्वास देण्यासाठी आपले खरे नाव प्रसिद्ध केले, तो थोड्याच वेळात लोकांनी त्याची घरगुती माहिती शोधून काढून जाहीर केली. स्त्री-खेळाडूंनी आपल्या मागे कोणी लागेल ही भीती बोलून दाखविली. पुष्कळांना आपल्या मालकाला वा शेजाऱ्याला आपला छंद कळू नये असे वाटत होते. तीनच दिवसांनी, ९ जुलै रोजी, कंपनीचे प्रमुख माइक मोरहाइम ह्यांनी हा बेत मागे घेतला. दक्षिण कोरियाने तर ह्यासाठी कायदाच केला होता. मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्याने आपली खरी ओळख पटविली पाहिजे, असा नियम तेथे २००७ पासून होता. २०११ मध्ये तेथील एका मोठ्या संकेतस्थळावरून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीस गेली, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये तेथील घटना-न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. दुष्ट लिखाण त्या कायद्याने म्हणण्यासारखे घटल्याचे न्यायालयास दिसून आले नव्हते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा, आणि मराठी वाचकाला तो सहज कळण्याजोगा आहे. निनावी असणे आणि टोपणनाव घेणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात त्यांनी समाजाच्या दोषांवर जी कडक पत्रे लिहिली ती 'लोकहितवादी' ह्या नावाने. कृष्णाजी केशव दामले हे 'केशवसुत' झाले, राम गणेश गडकरी कवितेपुरते 'गोविंदाग्रज' झाले, विष्णू वामन शिरवाडकर 'कुसुमाग्रज' झाले. ह्या नावांच्या आड कोण आहे हे ठाऊक नसलेल्या वाचकालाही ते नाव परिचयाचे असे. त्या नावाला कीर्ती होती, म्हणून ते जपावे लागे. ज्याला नावच नाही त्याला जपावयाचे काही नसते. वॉरक्राफ्टमधील जुना खेळाडू निनावी नव्हता. तो टोपणनावाने वावरत होता. त्याचे खरे नाव कोणालाही ठाऊक नव्हते आणि तरीही त्याला अब्रू होती. क्रॉस-सर्व्हर बटणाने त्याचे टोपणनाव काढून घेतले नाही. त्या नावाची ओळख ठेवणारे गाव तेवढे काढून घेतले.

टोपणनावाची अब्रू केवढी असू शकते, ह्याचे एक उदाहरण नॉर्वेत घडले. माट्स स्टेन हा मुलगा १९८९ मध्ये जन्मला. त्याला स्नायू क्षीण होत जाण्याचा असाध्य विकार होता. तो चाकाच्या खुर्चीवर बसू लागला. पुढे हातांची बोटे तेवढी हलत. तो दिवसाचे पुष्कळ तास खेळत बसतो, त्याला मित्र नाहीत, प्रेम करणारे कोणी नाही, ह्याचे त्याच्या आईवडिलांना फार दुःख होई. १८ नोव्हेंबर २०१४ रोजी वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो वारला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची वार्ता लिहिली आणि खाली आपला ईमेलचा पत्ता दिला. दुसऱ्याच दिवसापासून अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. वॉरक्राफ्टच्या 'आर्जेंट डॉन' नावाच्या रेल्मात माट्स 'इबेलिन' ह्या नावाने वावरत होता आणि 'स्टारलाइट' नावाच्या मंडळाचा सभासद होता. दुसऱ्याचे ऐकून घेणारा, भांडणे मिटविणारा, रुसलेल्या मुलाचे आणि आईचे पुन्हा बोलणे सुरू करून देणारा म्हणून इबेलिन तेथे सर्वांना माहीत होता. त्यांपैकी बहुतेकांना त्याचा आजार अखेरीपर्यंत ठाऊक नव्हता. ओस्लो येथील अंत्यविधीस त्याचे काही खेळगडी परदेशांतून आले. आणि मंडळाच्या प्रमुखाने तेथे सांगितले की, ह्याच वेळी नेदरलँड्समधील एका शाळेच्या वर्गात, आयर्लंडमधील एका कॉल सेंटरमध्ये आणि स्वीडनमधील एका ग्रंथालयात इबेलिनसाठी मेणबत्त्या लावल्या जात आहेत. आपल्या मुलाला मित्र होते हे आईवडिलांना त्याच्या मृत्यूनंतर कळले. त्याच्यावर २०२४ मध्ये एक माहितीपटही निघाला. ही मैत्री वर्षानुवर्षे एकाच गावात, एकाच नावाने राहिल्यावाचून झाली नसती. आणि खरे नाव व खरी खुर्ची प्रथमच दाखवावी लागली असती, तरीही बहुधा झाली नसती.

ह्याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण 'जर्नी' ह्या खेळाचे आहे. तो मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाळवंटातून दूरच्या पर्वताकडे जाणारा प्रवासी असतो, आणि वाटेत जगातील कोठलातरी दुसरा खेळाडू त्याला भेटतो. त्याचे नाव दिसत नाही, बोलता येत नाही. फक्त एक सूर काढता येतो. प्रवास संपल्यावरच सोबत्याचे नाव कळते. इतका संपूर्ण निनावीपणा असूनही खेळाडू एकमेकांसाठी थांबतात, वाट दाखवितात. ह्यातील रहस्य खेळाचे रचनाकार जेनोव्हा चेन ह्यांनी सांगितले आहे. प्रथम त्यांनी एका प्रवाशाचा दुसऱ्याला धक्का लागेल अशी योजना केली होती. तेव्हा लोक एकमेकांना मदत करण्याऐवजी कड्यावरून ढकलू लागले. चेन ह्यांनी धक्का काढून टाकला आणि दोघे जवळ आले की दोघांनाही उडण्याचे बळ मिळावे असे केले. ढकलण्याला फळ उरले नाही आणि जवळ येण्याला फळ आले, तेव्हा वागणूक बदलली. लुटण्यासारखी वस्तूच वाटेत नसल्यामुळे तेथे निंजाही निर्माण झाला नाही.

वॉरक्राफ्टच्या जुन्या गावांची आठवण मात्र खेळाडूंच्या मनातून गेली नाही. २०१३ च्या संमेलनात एका खेळाडूने जुन्या स्वरूपातील खेळ परत देणार काय असे विचारले, तेव्हा कंपनीचे अधिकारी जे. ॲलन ब्रॅक ह्यांनी, तुम्हाला तो हवासा वाटतो, पण खरोखरी तो नको आहे, अशा आशयाचे उत्तर दिले. पुढे काही हौशी मंडळींनी परवानगीवाचून 'नॉस्टाल्रियस' नावाचा सर्व्हर चालवून जुना खेळ सुरू केला. कंपनीने कायद्याचा धाक दाखविल्यावर १० एप्रिल २०१६ रोजी तो बंद पडला. त्यानंतर जुना खेळ मिळावा अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. अखेर २०१७ च्या संमेलनात त्याच ब्रॅक ह्यांनी जुन्या खेळाची घोषणा केली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये 'वॉरक्राफ्ट क्लासिक' सुरू झाला. त्यात ते बटण नव्हते. पुन्हा चौकात साद घालणे आले, भुयारापर्यंत पायी जाणे आले. पहिले काही महिने जुने सवंगडी एकमेकांना शोधीत होते. परंतु ह्या वेळचे रेल्म पूर्वीच्या कितीतरी पट मोठे होते. गर्दी सामावण्यासाठी एकाच रेल्माच्या आत जगाचे अनेक थर केले होते, आणि पैसे भरून गाव बदलण्याची सोय झाल्यावर लोक लहान गावे सोडून दोनचार मोठ्या शहरांत गोळा झाले. तेथे कोणाचेही नाव लक्षात राहण्याजोगे उरले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये जुन्या खेळाचा पुढील भाग आला, म्हणजे ज्या भागात २००९ साली ते बटण प्रथम आले होते तोच. कंपनीने ह्या खेपेस ते मुद्दाम वगळले. त्यावरून खेळाडूंमध्ये दोन तट पडले. बटण नसावे म्हणणारे होते. तसेच ते मिळावे म्हणून आग्रह धरणारेही थोडे नव्हते. २०२३ मध्ये ते बटण परत आले.